मुंबईत बोट पकडायचीय? आधी धक्का ओळखा : गेटवे, बॅलार्ड पियर की भाऊचा धक्का?

मुंबई : रात्रीच्या एसटीने पहाटे मुंबईत उतरायचं, मोबाईलच्या नकाशात 'क्रूझ टर्मिनल' टाकायचं आणि टॅक्सीवाल्याला तेच दाखवायचं, असा बेत असेल तर जरा थांबा. मुंबईत बोटीत बसण्याच्या मुख्य जागा तीन आहेत आणि त्यातल्या दोन ठिकाणांच्या नावात 'क्रूझ टर्मिनल' हेच शब्द येतात. चुकीच्या ठिकाणी उतरलं की सामान, म्हातारी माणसं आणि लेकरं घेऊन पुन्हा गाडी शोधावी लागते. मधल्या पट्ट्यात गोदी आहे. नकाशात अंतर थोडं दिसलं तरी गोदीच्या आतून प्रवाशांना जाता येत नाही, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालावाच लागतो. आणि बोट काही एसटीसारखी हात दाखवून थांबत नाही.

कुठे जायचंय, त्यावर धक्का ठरतो

- मोठं क्रूझ जहाज (गोवा, कोची, लक्षद्वीप किंवा परदेश) : बॅलार्ड पियर, आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल
- मांडवा रो-रो, मोरा (उरण), रेवस : भाऊचा धक्का, माझगाव
- घारापुरी (एलिफंटा) लेणी, मांडव्याची साधी लाँच : गेटवे ऑफ इंडिया

बॅलार्ड पियर : मोठ्या जहाजांची जागा

पूर्वी विलायतेच्या बोटी लागायच्या, तोच हा भाग. इथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. सर्वात जवळचं मोठं रेल्वे स्टेशन सीएसएमटी. तिथून टॅक्सीने थोड्या वेळात पोहोचता येतं.

टॅक्सीवाल्याला नुसतं 'टर्मिनल' न सांगता 'बॅलार्ड पियर, ग्रीन गेट' असं सांगावं. मुंबई बंदराच्या दरवाजांना रंगांची नावं आहेत : ग्रीन गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. यलो आणि ऑरेंज गेट उत्तरेकडे गोदीच्या बाजूला आहेत, म्हणून रंग चुकला की फेरा पडतो. तिकिटावर ज्या गेटचं नाव छापलंय, तेच ग्राह्य धरावं.

इथला कारभार विमानतळासारखा असतो. ऑनलाइन चेक-इन आधीच करावं लागतं. तिकिटावर दोन वेळा असतात, एक हजर राहण्याची आणि दुसरी जहाज सुटण्याची. पहिली वेळ पाळायची असते. जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी दरवाजा बंद होतो, मग जहाज समोर उभं दिसत असलं तरी आत सोडत नाहीत. बंदराच्या गेटवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान ओळखपत्र तपासतात. देशातल्या प्रवासाला सरकारी ओळखपत्र चालतं, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो. पोचवायला आलेल्या पाहुण्यांनी गेटबाहेरूनच निरोप द्यायचा.

एक गोष्ट परतीचीही. गोव्याला जाणारं क्रूझ जहाज पणजीला लागत नाही, वास्कोजवळच्या मुरगाव बंदरात लागतं. एकाच बाजूचं तिकीट असेल तर पुढची गाडी त्या हिशेबाने ठरवावी.

भाऊचा धक्का : नाव डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल, काम रो-रोचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरच्या टर्मिनलला 'डोमेस्टिक क्रूझ टर्मिनल' म्हणतात. त्यामुळे देशातल्या देशात गोव्याला जाणारा माणूस 'डोमेस्टिक' शब्द वाचून इकडे येऊ शकतो, आणि त्याचं जहाज असतं बॅलार्ड पियरला.

इथून मार्च २०२० पासून मांडव्याची रो-रो सुरू आहे. चारचाकी, दुचाकी आणि पायी प्रवासी तिन्ही घेतात. साधारण तासाभरात मांडवा येतं. मोरा आणि रेवसच्या लाँचही भाऊच्या धक्क्यावरूनच सुटतात, मात्र त्यांची जागा आणि तिकीट खिडकी रो-रोपेक्षा वेगळी. रेवस आणि मोऱ्याला गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला फेरीची वेळ पुढेमागे होते. निघण्याआधी विचारून घ्यावं.

जवळचं स्टेशन हार्बर लाईनवरचं डॉकयार्ड रोड. पनवेलला उतरणाऱ्यांनी सीएसएमटीची लोकल पकडावी, डॉकयार्ड रोड वाटेतच लागतं.

गेटवे : लाँच आणि घारापुरी

गेटवेच्या कमानीजवळ तिकीट खिडक्या आहेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवारी जाऊन उपयोग नाही. मांडव्याच्या काही लाँचच्या तिकिटातच पुढे अलिबागपर्यंतच्या बसचं भाडं धरलेलं असतं, तिकीट काढतानाच विचारावं.

अलिबागला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 'मांडवा' दोन्हीकडून आहे. गाडी सोबत असेल तर भाऊचा धक्का, मोकळ्या हाताने असेल तर दोन्ही चालतात. पावसाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, गेटवेच्या मांडवा लाँच बंद असतात. रो-रो तेव्हाही चालते, पण हवामान बघून.

जहाजावर नोकरीला जाणाऱ्या पोरांसाठी

क्रू म्हणून रुजू होणाऱ्यांनी प्रवाशांच्या टर्मिनलवर थेट जाऊ नये. जहाज मालवाहू असेल तर ते न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातही असू शकतं, आणि ते मुंबईत नाही, खाडीपलीकडे उरण तालुक्यात आहे. कंपनीच्या एजंटकडून बंदर, गेट आणि वेळ लेखी, निदान मेसेजवर तरी, घ्यावी. पासपोर्ट आणि सीडीसी हातातल्या पिशवीत ठेवावं, मोठ्या बॅगेत नको.

एसटीतून उतरल्यावर

दादरला उतरलात तर मध्य रेल्वेची लोकल सीएसएमटीला नेते. मुंबई सेंट्रलला उतरलात तर पश्चिम रेल्वेने चर्चगेट, तिथून गेटवेला टॅक्सी. रविवारी मेगाब्लॉक असतो, दिवसा लोकल बंद किंवा उशिरा धावतात. रविवारची बोट असेल तर दोन तास हाताशी ठेवावेत.

हवा बिघडली तर हट्ट नको

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, त्यातही जीव गेले. फेरी रद्द झाली तर वाद घालू नये. लाइफ जॅकेट मागून घ्यावं आणि अंगात घालावं, मांडीवर ठेवू नये.

घरून निघण्याआधी एवढं करा

- तिकीट पोराबाळांनी काढलं असेल तरी जहाजाचं नाव, धक्का, गेट आणि हजर राहण्याची वेळ स्वतः वाचा.
- त्या चार गोष्टी कागदावर लिहून खिशात ठेवा, फोनची बॅटरी संपू शकते.
- नकाशात 'क्रूझ टर्मिनल' न टाकता धक्क्याचं पूर्ण नाव टाका.
- टॅक्सीत बसण्याआधी ड्रायव्हरला विचारा, "बॅलार्ड पियर की भाऊचा धक्का?" त्याने उत्तर दिल्यावरच सामान डिकीत टाका.