खाणावळ म्हणजे काय? गिरणगावाला जेवू घालणाऱ्या बायकांची गोष्ट

‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी महाराष्ट्रात गावोगावी दिसते. शिकायला किंवा नोकरीला परगावी राहिलेल्या जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी अशा पाटीखाली बसून जेवण केलेले असते. आज याला मेस म्हणतात, पण मराठीतला जुना शब्द आहे खाणावळ. हॉटेलात रोज वेगळे गिऱ्हाईक येते, खाणावळीत मात्र तीच माणसे महिनोन्‌महिने जेवतात. मुंबईच्या गिरणगावात तर हजारो कामगारांची चूल म्हणजे खाणावळच होती, आणि ती चालवणाऱ्या बहुतेक बायका होत्या.

शब्द कुठून आला?

धुणे धुण्याचा मोबदला म्हणजे धुणावळ, दळून देण्याचा मोबदला म्हणजे दळणावळ. खाणावळ हा शब्दही त्याच घडणीचा आहे. पैसे घेऊन जेवू घालणे ही सोय आणि त्यासाठी द्यायचे पैसे, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. काही जण तो ‘खानावळ’ असाही लिहितात. म्हणजे घरचा स्वयंपाक हे मोबदला घेऊन करायचे काम असू शकते, ही गोष्ट या शब्दातच आहे.

मुंबईला खाणावळींची गरज का पडली?

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी, लोअर परळ या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि सातारा, पुणे, कोल्हापूर या घाटावरच्या जिल्ह्यांतून.

येणारे बरेचसे पुरुष एकटेच येत. बायकामुले गावी शेती सांभाळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईतल्या स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास निम्मीच होती. एकाच गावचे वीस-पंचवीस जण मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेत झोपे. अशा खोलीत चूल मांडायला ना जागा होती, ना कोणाला वेळ.

त्यामुळे चाळीतच शेजारी राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे जेवणाची सोय लावली जाई. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी बाई स्वतःच्या घराबरोबर आणखी दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करी. कुणी तिच्याकडे पंगतीला बसे, कुणी डबा नेई.

ताटात काय असायचे?

खाणावळ निवडताना भावाइतकेच गावही पाहिले जाई. मालवणकडच्या माणसाला मालवणी बाईच्या हातचे हवे असे: तांदळाची भाकरी, भाजलेल्या कांदाखोबऱ्याचे वाटप लावलेला रस्सा, तिरफळ आणि सोलं घातलेला बांगडा. घाटावरच्या माणसाला ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कांदा-लसूण मसाल्याचे कोरड्यास आणि ठेचा लागे. सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक ठिकाणी शाकाहारी असत. मटण मुख्यतः रविवारी किंवा पगार झाल्यावर होई.

या पाककृती कुठे लिहिलेल्या नव्हत्या. आईकडून किंवा सासूकडून शिकलेले प्रमाण बाईच्या हातात असे. चार माणसांचे ते प्रमाण वीस माणसांना लावताना तिला स्वतःचा हिशेब बसवावा लागे. मसाला मात्र वर्षाचा एकदम होई. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा आणि डंखावर कुटून आणायचा. लालबागची मसाल्याची बाजारपेठ आजही उन्हाळ्यात याच कामासाठी गजबजते. गावाकडच्या चवी शहरात टिकल्या, त्याचे मोठे श्रेय या खोल्यांना जाते.

दिवस कसा जायचा?

गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून खाणावळही तीन पाळ्यांत चाले. सकाळी सातच्या सुमारास सुरू होणाऱ्या पहिल्या पाळीचा डबा तयार हवा, तर बाईला पहाटे चारला उठावे लागे. दुसरी पाळी मध्यरात्री सुटे. काहींचे जेवण तेव्हा वाढायचे असे. मधल्या वेळेत पाणी भरणे, धान्य निवडणे, बाजार आणि भांडी. घरातल्या मुलीही या कामाला जुंपल्या जात.

पैशाचे गणित

कामगार पैसे देई महिन्याने, पगार झाल्यावर. बाईला मात्र तांदूळ, पीठ, रॉकेल रोज लागे. म्हणजे महिनाभर ती आपल्या जेवणाऱ्यांना उधारीवर जेवू घाली. त्यासाठी ती स्वतः वाण्याकडे उधारी करी किंवा सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घेई. गरज पडली तर दागिना किंवा तांब्यापितळेची भांडी गहाण पडत. तारण ठेवायला मालमत्ता नसल्याने बँक तिला दारात उभी करत नसे. सरकारदरबारी ती गृहिणी होती, कामगार नव्हती. त्यामुळे तिला ना किमान वेतन होते, ना सुट्टी, ना संघटना.

गिरणीत संप झाला की हे गणित पार कोसळे. जेवणाऱ्याचा पगार बंद, पण रोजच्या जेवणाऱ्याला उपाशी कसे ठेवायचे? अनेक बायकांनी संपाच्या काळात उधारीवर जेवण चालू ठेवले. संप पुकारणाऱ्या संघटना कामगारांच्या होत्या. त्यांच्या पोटाची सोय पाहणाऱ्या बाईचा हिशेब कोणाच्याच मागण्यांच्या यादीत नसे.

अन्नपूर्णा महिला मंडळ

ही गोष्ट हेरली प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्ती आंदोलनात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करत होत्या. त्यांनी १९७५ मध्ये खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि गरिबांना छोटी कर्जे देण्याची भाषा सुरू झाली होती. मंडळाने त्याचा उपयोग केला. बायकांचे गट केले, गटाने एकमेकींची हमी घेतली आणि बँकेचे कर्ज मिळवले. सावकाराचा फास सैल झाला. धान्य रोख घेता येऊ लागले, त्यामुळे ते स्वस्तही पडू लागले. पुढे मंडळाने स्वयंपाकाच्या मोठ्या ऑर्डर घेणे, प्रशिक्षण देणे, अडचणीतल्या स्त्रियांना आधार देणे अशीही कामे केली. प्रेमा पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगार गावी परतले आणि अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. जेवणारे गेले, त्यांच्याबरोबर उधारीही बुडाली. गिरण्यांच्या जागी पुढे मॉल आणि टॉवर आले. लोअर परळची फिनिक्स मिल हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण.

चूल मात्र पुरती विझली नाही. काही बायका कार्यालयांना डबे पुरवू लागल्या, काहींनी पोळीभाजी केंद्र सुरू केले, काही घरांतून मसाला आणि दिवाळीचा फराळ विकला जाऊ लागला. आज पुण्यामुंबईत नोकरदार घरांना तयार पोळ्या देणारी केंद्रे त्याच वाटेवरची आहेत.

आजही लागू पडणारी गोष्ट

‘आईच्या हातची चव’ ही घरगुती जेवणाची सर्वांत मोठी जाहिरात. याच कौतुकापोटी त्याचे दाम मात्र कमी धरले जातात, कारण घरचा स्वयंपाक म्हणजे बाईने सहज केलेले काम अशी समजूत आहे. खाणावळवाल्या बायकांनी त्याच स्वयंपाकावर संसार चालवले, मुले शिकवली आणि एका अख्ख्या उद्योगाच्या कामगारांना उभे ठेवले. मेसच्या काकूंचे पैसे महिनाअखेरीला वेळेवर देणे ही साधी गोष्ट वाटते. पण खाणावळ टिकणार की बुडणार, हे नेहमी त्याच एका गोष्टीवर ठरत आले आहे.