कपाट कोणाच्या नावावर?

ओरोसहून बोलतोय. आज किल्ला नाही, लढाई नाही. आज आमच्या हॉलमधलं महोगनीचं कपाट. खरं तर साइडबोर्ड: बुटका, लांबलचक, वर बरण्या मांडायच्या, खाली खण. गेल्या महिन्यात बाबा तो विकायला निघाले. फ्लॅटमध्ये मावत नाही, हे खरंच आहे. मी मालवणला आत्याला सहज फोन केला. ती एवढंच म्हणाली, "माका कोणी इचारल्यान?"

झालं, एपिसोड तिथेच सुरू झाला.

महोगनी आपल्याकडचं झाड नव्हे. मूळ कॅरिबियन बेटं आणि मध्य अमेरिकेतलं. १७९५ मध्ये ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आलं. कोकणातलं जुनं सामान बहुतेक साग, शिसव, फणसाचं. आमचं कपाट मुंबईहून आलं. आजोबा तिथे नोकरीला होते. १९४७ मध्ये गाशा गुंडाळणाऱ्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतलं आणि आगबोटीने मालवणला आणलं. तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. लांब समुद्रात नांगर टाकायचा, मग माणसं आणि सामान पडावात उतरवायचं. हे धूड हलत्या पडावात कसं उतरवलं असेल, देव जाणे! डाव्या पायाचा टवका त्याच दिवशी उडाला, असं आत्या सांगते.

आजोबा १९७१ ला गेले. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढली. कपाटाला कसला सातबारा? ते मुलाकडे राहिलं. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला, पुढे बाबांची नोकरी ओरोसला आली, कपाटही आलं.

इथून हायवेने तासाभरावर गोव्याची हद्द. तिकडे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता. माणूस गेला की वारसांसाठी 'इन्व्हेंटरी' करायची पद्धत: जमीन, दागिने, फर्निचर, सगळ्याची यादी नि किंमत. मुलगा-मुलगी समान. चांदोरचा ब्रागांझा वाडा बघा. एकच वाडा, दोन भाग, घराण्याच्या दोन शाखा. पोर्तुगालच्या राजा दों लुईसने दिलेल्या खुर्च्याही तिथे जपल्यात.

आपल्याकडे अशी यादी करत नाहीत. पण हक्क होता, आणि हे मला पस्तिशीत कळलं! १९५६ चा हिंदू वारसा कायदा सांगतो: माणसाने स्वतः कमावलेलं, मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखं. मालमत्ता म्हणजे फक्त जमीन नव्हे, कपाटसुद्धा. म्हणजे आजोबा गेले त्याच दिवशी त्यात आत्याचा वाटा होता. तिने मागितला नाही, आम्ही विचारलं नाही.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पेपरच वाचत बसले. मग व्यापाऱ्याला फोन करून म्हणाले, "जरा थांबा."

रविवारी आत्या येतेय. मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय. पण कपाट न्यायला येतेय की नुसतं बघायला, ते तिने सांगितलेलं नाही.