डायलिसिसच्या खुर्चीपुढे सायकल कशी आली?

१/ डायलिसिसची खुर्ची आणि व्यायामाचे यंत्र. पहिली आजाऱ्याची, दुसरे धडधाकटांचे, असे आपण सहज धरून चालतो. परंतु या दोहोंच्या इतिहासात एकच कारागीर उभा आहे. तरीही दोन्ही वस्तू एकमेकींजवळ यायला दोन दशके जावी लागली. का? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ वर्ष १९४३. जर्मनांच्या ताब्यातील नेदरलँड्समधल्या काम्पेन गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टराने सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी एका पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारद्रावणात फिरवले. नळीतून वाहणारे रक्त शुद्ध होऊ लागले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक वृद्धा वाचली.

३/ पण प्रत्येक वेळी रक्त बाहेर काढण्यासाठी नवी धमनी आणि नवी शीर कापावी लागे. काही दिवसांत जागाच उरत नसे. ज्याचे मूत्रपिंड कायमचे निकामी झाले, त्याला या यंत्राचा उपयोग नव्हता.

४/ ही कोंडी सिएटलमध्ये फुटली. बेल्डिंग स्क्रिब्नर यांच्या कल्पनेवरून वेन क्विंटन यांनी टेफ्लॉनची नळी घडवली. ती हातातच राही, यंत्राला हवी तेव्हा जोडता येई. ९ मार्च १९६० रोजी ती क्लाइड शील्ड्स यांच्या हातात बसवली गेली. बोईंगमध्ये काम करणारे शील्ड्स तेव्हा ३९ वर्षांचे होते. ते आणखी ११ वर्षे जगले.

५/ आता गंमत पाहा. याच क्विंटन यांनी १९५२ मध्ये, याच विद्यापीठात, हृदयतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांच्यासाठी रुग्णालयात वापरता येईल अशी ट्रेडमिल घडवली होती. चालता चालता हृदयाची परीक्षा घेण्याची आजची पद्धत तिथून रूढ झाली. म्हणजे दोन्ही उपकरणांवर एकाच माणसाचा हात फिरला होता.

६/ तरी ती एकत्र आली नाहीत. पहिले कारण टंचाई. १९६२ मध्ये सिएटलला डायलिसिस केंद्र उघडले, पण खुर्च्या मोजक्या. कोणाला उपचार द्यायचा हे नागरिकांची एक समिती ठरवी. नोकरी, कुटुंब, समाजातील स्थान, सारे तोलले जाई. जिथे जगणार कोण हाच प्रश्न होता, तिथे जगणे कसे असावे हे कोण विचारणार?

७/ दुसरे कारण शरीर. रक्तपेशी वाढवणारे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडातच तयार होते. ते थांबले की रक्तक्षय. त्यात स्नायूंची झीज, पथ्याची बंधने, दर दोन दिवसांनी चार तास बसून राहणे. रुग्ण थकलेला दिसे, म्हणून त्याला विश्रांती दिली जाई. विश्रांतीने स्नायू आणखी झिजत आणि तो आणखी थके.

८/ १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून डायलिसिसचा बहुतांश खर्च सरकारवर घेतला. समित्यांचा काळ सरला आणि मागे राहिलेला प्रश्न पुढे आला. सेंट लुईस येथील अँड्र्यू गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णांना काही महिने व्यायाम करवला. १९८० च्या सुमारास निष्कर्ष आले: दमसास वाढला, रक्तातील चरबीचे प्रमाण सुधारले, रक्तक्षयही काहीसा उतरला.

९/ पण आठवड्यातले तीन दिवस यंत्राला दिल्यावर व्यायामासाठी चौथ्या दिवशी बाहेर पडण्याचे त्राण कितीजणांत असणार? उत्तर साधे निघाले: यंत्र चालू असतानाच व्यायाम करावा. पॅट्रिशिया पेंटर आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. सुया टोचलेला हात स्थिर, पाय मात्र सायकलीच्या पायडलांवर.

१०/ वेळही ठरली: शक्यतो पहिल्या दोन तासांत. पुढे शरीरातून बरेच पाणी काढले गेलेले असते आणि रक्तदाब घसरण्याचा धोका वाढतो. १९८९ मध्ये कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्तक्षय आवाक्यात आला आणि व्यायामाची वाटही सोपी झाली.

११/ पुरावे? २०१७ मध्ये इटलीत २९६ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिने घरीच बेताने चालण्याचा सराव केलेल्यांचे सहा मिनिटांतील अंतर ३२८ वरून ३६७ मीटरवर गेले. इतरांचे जवळपास तेवढेच राहिले. मात्र ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत सायकलीने जीवनमानात लक्षणीय फरक दिसला नाही. चित्र एकरंगी नाही.

१२/ २०२३ मध्ये जर्मनीतील २१ केंद्रांची चाचणी आली. मोजमाप एवढेच: एका मिनिटात माणूस खुर्चीवरून किती वेळा उठतो? वर्षभरात व्यायाम करणाऱ्यांची सरासरी सुमारे १६ वरून १९ वर गेली. न करणाऱ्यांची १५ च्याही खाली उतरली.

१३/ तीन-चार उठण्यांचा हा फरक किरकोळ वाटेल. पण कुणाचा हात न धरता शौचालयापर्यंत जाणे, बसची पायरी चढणे, नातवंडाला उचलणे, हे सारे त्यातच येते. १९६० मध्ये यंत्राने आयुष्य परत दिले. ते पायांवर उभे करण्याचे काम अजून चालू आहे.

१४/ एक सूचना: आपल्या परिचयात कुणी डायलिसिसवर असल्यास हा थ्रेड जरूर दाखवा. व्यायाम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू करावा.