पिकअप नवी घ्यावी की जुनी? आधी वर्षाच्या फेऱ्या मोजा

नागपूरच्या कळमना बाजारात संत्रा, मिरची किंवा धान्य उतरवायचे आणि परतताना लकडगंजच्या लाकूड बाजारातून बांबू, बल्ल्या भरून गावाकडे यायचे. ज्याच्या दारात स्वतःची पिकअप आहे त्याला हे सोपे जाते. भाड्याची गाडी मात्र ऐन तोडणीत मिळत नाही, आणि मिळाली तर दर वाढवून मागते. त्यामुळे हंगाम संपला, हातात थोडा पैसा आला की कास्तकार विचारतात, "साहेब, पिकअप नवी घेऊ की जुनी?"

या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न आहे. तुमची गाडी वर्षात किती फेऱ्या करणार? त्याचे उत्तर वहीवर मांडले की नवी-जुनीचा निम्मा घोळ मिटतो.

स्वतःच्या मालाच्या फेऱ्या किती?

समजा ५ एकर, म्हणजे २ हेक्टर संत्रा बाग आहे. ६ बाय ६ मीटरवर हेक्टरी २७७ झाडे बसतात. हेक्टरी ८ ते १० टन उत्पादन धरले तर एकूण माल १६ ते २० टन. दीड टन वाहणारी पिकअप तो ११ ते १४ फेऱ्यांत बाजारात पोचवते. बाग झाडावरच व्यापाऱ्याला दिली असेल तर एकही फेरी तुमची नाही. त्यात सोयाबीनच्या तीन-चार, कापसाच्या पाच-सहा आणि खत-बियाण्याच्या चार-दोन फेऱ्या धरा. कापूस वजनाला हलका असला तरी हौदा लवकर भरतो, म्हणून फेऱ्या थोड्या जास्त. तरीही आकडा तिशीच्या आसपासच थांबतो.

नुसत्या फळबागेवर आणि खरिपाच्या पिकांवर गाडी जगत नाही. ती जगते भाजीपाल्यावर, दुधावर, शेजाऱ्यांच्या मालावर आणि परतीच्या भाड्यावर. रोज किंवा दिवसाआड बाजारात जाणारा भाजी उत्पादक आणि वर्षातून दोन महिने तोडणी करणारा संत्रा बागायतदार या दोघांना एकच सल्ला देता येत नाही.

फेऱ्या मोजताना चांगले वर्ष धरू नका. आंबिया बहराची फळगळ झाली त्या वर्षी, किंवा सोयाबीनला शेंगा कमी लागल्या त्या वर्षी किती फेऱ्या झाल्या असत्या, ते लिहा. माल निम्मा झाला म्हणून गाडीचा हप्ता निम्मा होत नाही.

एक हिशेब मांडून पाहू

खालील आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनचे आणि तुमच्या गावच्या भाड्याचे आकडे त्या जागी घाला.

नवी पिकअप ऑन-रोड १० लाख रुपये. त्यातले ८ लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, ५ वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे १७,२०० रुपये येतो. पाच वर्षे जुनी पिकअप ५ लाख रुपये. त्यातले साडेतीन लाख कर्ज, पण जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी म्हणून १५ टक्के आणि ३ वर्षे धरू. हप्ता सुमारे १२,१०० रुपये. गाडी निम्म्या किमतीची, हप्ता मात्र तीस टक्केच कमी, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता पाच वर्षांचा पूर्ण खर्च. नव्या गाडीचे १० लाख, व्याजाचे २ लाख ३२ हजार, विम्याचे वर्षाला ३५ हजार आणि देखभालीचे २५ हजार धरले तर एकूण १५ लाख ३२ हजार होतात. पाच वर्षांनी ती ५ लाखांना विकली असे समजू. निव्वळ खर्च वर्षाला सुमारे २ लाख ६ हजार. जुन्या गाडीचे ५ लाख, व्याज ८७ हजार, घेतल्या घेतल्या टायर-बॅटरी-पाट्यांचे ६० हजार, विमा वर्षाला २५ हजार, देखभाल वर्षाला ६० हजार. एकूण १० लाख ७२ हजार. पाच वर्षांनी सव्वादोन लाख परत आले तर निव्वळ खर्च वर्षाला सुमारे १ लाख ६९ हजार. दोन्हींतला फरक वर्षाला साधारण ३७ हजार रुपये.

याची तुलना भाड्याशी करा. काटोलहून नागपूर साधारण ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. भाड्याची गाडी एका फेरीचे ३,५०० घेते असे धरू. स्वतःच्या गाडीला १० लिटर डिझेलचे ९०० आणि चालकाचे ६०० मिळून १,५०० लागतात. म्हणजे एका फेरीत २,००० वाचतात. या हिशेबाने जुनी गाडी वर्षाला ८५ फेऱ्या झाल्या तर स्वतःचा खर्च भागवते आणि नवी १०३ फेऱ्यांना. तुमच्या फेऱ्या तीस-चाळीस असतील तर नवी-जुनीचा वाद सोडा आणि हंगामाआधीच एखाद्या गाडीवाल्याशी दर ठरवून ठेवा. शेजारचे तीन-चार कास्तकार मिळून ठरवले तर दरही बरा मिळतो.

वाचणाऱ्याला वाटेल, मग ८५ च्या वर जुनीच स्वस्त. कागदावर तसेच दिसते. पण देखभालीचे ६० हजार हे वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे आहेत. रोज बाजार करणारी गाडी तीस-चाळीस हजार किलोमीटर धावते, आणि त्या धावेत जुन्या गाडीचे क्लच, इंजेक्टर, टर्बो, कधी पूर्ण इंजिनच कामाला येते. शिवाय गाडी बंद राहिली तर प्रत्येक फेरीला भाड्याचे २,००० जास्त मोजावे लागतात. वर्षात अशा १८ फेऱ्या चुकल्या की ३७ हजारांचा फरक संपला. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीतला टोमॅटो दुसऱ्या दिवशी कोणत्या भावाने गेला, ते वेगळेच.

म्हणून माझे मत असे आहे. साधारण ८५ ते १५० फेऱ्या, त्याही हंगामी, आणि जवळ ओळखीचा मिस्त्री असेल तर चांगली जुनी गाडी. वर्षभर दिवसाआड बाजार, नाशवंत माल आणि परतीचे भाडे ठरलेले असेल तर नवी. हप्ता मासिक आणि उत्पन्न सहामाही असलेल्याने नव्या गाडीच्या मागे जाऊ नये. ट्रॅक्टरसारखे सहामाही हप्ते पिकअपला बहुधा मिळत नाहीत, तरी बँकेत विचारून पाहायला हरकत नाही.

जुनीचा भाव करताना एक गोष्ट लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नवी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा. विकणारा मात्र त्याने मोजलेली किंमत धरून बसतो. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवण्याचे प्रचलित कोष्टक ३ ते ४ वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि ४ ते ५ वर्षांच्या गाडीला ५० टक्के घट धरते. चालू पॉलिसीवर हे मूल्य छापलेले असते. बोलणी तिथून सुरू करा.

जुनी गाडी पाहताना

मालवाहू गाडीचे वय किलोमीटरपेक्षा तिने वाहिलेल्या ओझ्यावर ठरते. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, चेसिसला पडलेला बाक सरळ करता येत नाही. गाडीखाली वाकून पाहा. मागच्या पाट्यांत कंपनीपेक्षा जादा पाटा घातलेला असेल तर ती गाडी क्षमतेपेक्षा जास्त भरली गेली आहे, असे समजा. शहरात सळई, टाइल्स, ओले लाकूड वाहिलेल्या गाड्यांत हे दिसते. चेसिसवर वेल्डिंगचे डाग, हौद्याच्या सांध्याजवळ तडे, एकाच कडेने झिजलेले टायर असतील तर ती गाडी सोडून द्या.

हौद्याचा पत्रा शेतकऱ्याने स्वतः तपासावा, कारण त्याचे कारण त्यालाच कळते. रासायनिक खत आणि ओले शेणखत पत्रा खाते. वरून नवा रंग असला तरी खालून पेचकसने टोचून पाहा.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन दाखवले तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. काळा धूर बहुधा इंजेक्टर किंवा एअर फिल्टरचा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते, आणि तो खर्च मोठा. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडा. तिथून जोराने वाफ फेकली जात असेल तर आतल्या रिंगा झिजल्या आहेत. मग गाडीत माल भरून चढावर चालवा. रिकाम्या गाडीत गिअर निसटत नाही आणि डिफरन्शियलही ओरडत नाही.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ मानकाच्या आहेत. त्यांच्या डिझेल इंजिनाला काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. गाव ते शेत आणि शेत ते संकलन केंद्र अशी दोन-तीन किलोमीटरची ये-जा करणाऱ्या गाडीत तो तुंबतो. २०२० नंतरची जुनी गाडी घेताना डॅशबोर्डवर त्याचा दिवा पेटतो का पाहा आणि स्कॅनर लावून घ्या. असाच छोटा वापर असेल तर पेट्रोलची लहान गाडी, म्हणजे टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरीच्या वर्गातली, जास्त सोयीची पडते. सीएनजी घेण्याआधी पंप तुमच्या वाटेवर आहे का ते बघा.

कागद

येथे घाई करणारे जास्त फसतात. बयाणा देण्याआधी एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव, कर्जाचा बोजा, फिटनेस आणि विम्याची मुदत पाहा. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चालान संकेतस्थळावर थकीत दंडही दिसतो. बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

नागपूरच्या बाजारात एमएच-३१, एमएच-४० आणि एमएच-४९ यांबरोबर छिंदवाडा (एमपी-२८), सिवनी (एमपी-२२) आणि बालाघाट (एमपी-५०) पासिंगच्या गाड्याही दाखवल्या जातात. त्या स्वस्त वाटतात. पण तिथल्या आरटीओचा फॉर्म २८ चा दाखला, इथली पुन्हा नोंदणी आणि इथला कर धरून मगच तुलना करा.

आरसीवर एकूण भारित वजन पाहा. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. १५ वर्षांपुढच्या गाडीचे फिटनेस शुल्क एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले आहे, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांची गाडी फुकटात मिळाली तरी विचार करा. चालक परवान्याची अडचण नाही. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास कायद्यात २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. माल गाडीच्या बाहेर आला तरी २०,००० ची तरतूद आहे. संत्र्याच्या झाडांना टेकू द्यायला लकडगंजातून लांब बांबू आणणाऱ्यांनी ते तिथेच मापाचे कापून घ्यावेत. आणि तोडणीचे मजूर हौद्यात बसवू नका. मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात येतो, बाकी माणसे येत नाहीत. अपघात झाला तर भरपाई घरातून द्यावी लागते.

गाडी नावावर झाली की विमा कंपनीला १४ दिवसांत कळवून पॉलिसीही नावावर करून घ्या, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. जुनी गाडी देऊन नवी घेणाऱ्यांनीही नाव बदलल्याची खात्री करावी. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. गाडी मध्यस्थाच्या हाती देऊन कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या असतील तर आठ-पंधरा दिवसांनी ॲपवर तोच क्रमांक पुन्हा टाकून पाहा. तुमचेच नाव दिसत असेल तर त्याच दिवशी आरटीओत जा.