प्राप्तिकराच्या पायऱ्या

दोन माणसांची वर्षाची प्राप्ती सारखी असेल, तर त्यांच्यावरील कराचा भारही सारखाच असावा, हे वरकरणी निर्विवाद वाटते. परंतु त्यांपैकी एक सडाफटिंग असेल आणि दुसऱ्याच्या मिळकतीवर सहा माणसे पोसली जात असतील, एक ऐन उमेदीत असेल आणि दुसरा ऐंशीच्या घरात असेल, तर तीच रक्कम दोघांना सारखीच पुरते असे कोण म्हणेल? भारतातील प्राप्तिकराचा इतिहास हा या एका प्रश्नाला वेळोवेळी दिलेल्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ १८६० साली झाला. १८५७ च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी कलकत्त्यास आपले अंदाजपत्रक मांडले आणि नव्या कराच्या समर्थनार्थ प्रत्यक्ष मनूचा हवाला दिला. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी या योजनेस उघड विरोध केला. त्यापायी त्यांना आपले पद गमवावे लागले. दोनशे रुपयांपर्यंतची वार्षिक प्राप्ती करमुक्त, दोनशे ते पाचशेपर्यंत शेकडा दोन आणि त्यावर शेकडा चार, अशी ही साधी रचना होती. विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले आणि त्यांचा करही १८६५ साली संपुष्टात आला.

१८८६ च्या कायद्याने मात्र या करास स्थैर्य दिले. शेतीच्या उत्पन्नास त्याने वगळले, करपात्रतेची मर्यादा पाचशे रुपयांवर नेली आणि पगारदारांसाठी दोन हजारांच्या आत रुपयास चार पै व दोन हजारांपासून पुढे पाच पै असा दर ठेवला. या रचनेत एक वैगुण्य होते. वरची पायरी चढताच वाढीव रकमेवर नव्हे, तर सबंध प्राप्तीवर वरचा दर लागे. १,९९९ रुपये मिळविणाऱ्यास सुमारे ४१ रुपये १० आणे कर पडे, तर २,००० मिळविणाऱ्यास ५२ रुपये १ आणा. म्हणजे एका रुपयाच्या बढतीपायी दहा रुपयांहून अधिक भुर्दंड! हा दोष दूर व्हावयास १९३९ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने प्राप्तीचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यापुरताच त्याचा दर लागू केला. आजही हेच तत्त्व चालू आहे.

किती प्राप्तीवर किती कर, हा प्रश्न असा सुटला. परंतु ती प्राप्ती कोणाची मानावयाची, हा त्याहून बिकट प्रश्न उरलाच. १८८६ च्याच कायद्याने ‘व्यक्ती’ या शब्दात हिंदू एकत्र कुटुंबाचाही समावेश केला होता. चार भावांची वडिलोपार्जित पेढी एकत्र असेल, तर कायद्याच्या दृष्टीने करदाता एकच. चौघांची प्राप्ती एका बेरजेत आली की ती वरच्या टप्प्यात जाणार हे उघडच होते. म्हणून अशा कुटुंबांना पुढे करमुक्ततेची मर्यादा अधिक देण्यात आली. तरीही वरचे दर जसजसे चढत गेले, तसतसा वाटणीचा मोह वाढला. १९७० नंतरच्या काही वर्षांत तर अधिभारासह सर्वोच्च दर शेकडा ९७.७५ वर पोहोचला होता. यशवंतराव चव्हाण यांनी १९७४ च्या अंदाजपत्रकात तो शेकडा ७७ पर्यंत खाली आणला. चुली एकत्र आणि वाटण्या कागदोपत्री, अशी स्थिती येऊ लागल्यावर कायद्यानेही हात आखडता घेतला. ३१ डिसेंबर १९७८ नंतर झालेली अंशतः वाटणी करापुरती मान्य करावयाची नाही, असे ठरले.

प्रदेशपरत्वेही करदात्यांचे वर्ग पडले. ब्रिटिश हिंदुस्थानचा प्राप्तिकर संस्थानी मुलखास लागू नव्हता. १ एप्रिल १९५० रोजी तो हैदराबाद आणि इंदूर-ग्वाल्हेरचा मध्यभारत यांसारख्या ‘भाग ब’ राज्यांना लागू झाला, तेव्हा तेथील करदात्यांसाठी सवलतीचा स्वतंत्र आदेश काढावा लागला. नव्या भाराची सवय एका दिवसात होत नाही, हे त्यात मान्य केलेले होते.

कुटुंबाच्या भाराचा विचार अधिक स्पष्टपणे केला तो चिंतामणराव देशमुख यांनी. त्यांच्या १९५५ च्या अंदाजपत्रकापूर्वी करपात्र माणसाच्या प्राप्तीतील पहिले १,५०० रुपये सरसकट करमुक्त असत. देशमुखांनी ही रक्कम विवाहितासाठी २,००० केली आणि अविवाहितासाठी १,००० वर उतरविली. दोन वर्षांनी मुलांसाठीही सवलत आली. परंतु ती दोन अपत्यांपुरतीच. या व्यवस्थेमागील हेतू न्यायाचा होता यात शंका नाही. तथापि म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडे यांचा भार वाहणाऱ्या अविवाहित मुलाची गणना तिने एकट्यात केली. वर्ग पाडला की त्याच्या कुंपणाबाहेर कोणीतरी राहतोच. पुढे काही वर्षांनी हा विवाहित-अविवाहित भेद मावळला.

गोव्यात विवाहाने वेगळाच प्रश्न उपस्थित केला. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास, पतिपत्नींची मालमत्ता समाईक असते. मग दुकानाचा नफा किंवा घराचे भाडे एकट्या पतीच्या नावे कसे धरावे? १९९४ साली प्राप्तिकर कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम घालण्यात आले आणि ते १९६३ पासून लागू मानले गेले. पगाराखेरीज इतर प्राप्ती दोघांत निम्मी निम्मी विभागावयाची आणि पगार मात्र ज्याचा त्याच्याकडे, असा त्याचा आशय आहे. प्राप्ती तीच; पण दोन ठिकाणी विभागली गेल्याने ती खालच्या टप्प्यांत बसते.

यानंतरचे भेद स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी झाले. २००५ साली सर्वसाधारण मर्यादा १ लाख, स्त्रियांची १ लाख ३५ हजार आणि पासष्ट वर्षांवरील नागरिकांची १ लाख ८५ हजार रुपये ठरली. २०११ मध्ये ज्येष्ठत्वाचे वय साठवर आले आणि ऐंशी वर्षांवरील नागरिकांस ५ लाखांची मर्यादा मिळाली. पुढच्याच वर्षी सर्वसाधारण मर्यादा २ लाख झाली आणि त्याबरोबर स्त्रियांची स्वतंत्र पायरी नाहीशी झाली.

२०२० साली आलेल्या आणि २०२३ पासून मूळ मानल्या गेलेल्या नव्या करपद्धतीने वयाचा भेदही ठेवलेला नाही. जुनी पद्धत निवडणाऱ्या ज्येष्ठांनाच तो लाभ उरला आहे. २०२५ च्या अंदाजपत्रकाने नव्या पद्धतीत पहिले ४ लाख रुपये सर्वांनाच करमुक्त केले आणि विशेष दराची प्राप्ती वगळता १२ लाखांपर्यंत करमाफी दिली. मात्र ही माफी निवासी व्यक्तीस आहे. एकत्र कुटुंबास नाही. म्हणजे भेद अजिबात संपला असे नव्हे.

एकच पायरी सर्वांना, ही व्यवस्था समजावयास सोपी असते आणि पळवाटांना वाव कमी देते, हा तिचा गुण नाकारता येणार नाही. परंतु औषधपाण्यात निम्मे उत्पन्न घालविणारा वृद्ध आणि कोणताही भार नसलेला तरुण हे तिच्या लेखी एकच असतात. उलट, प्रत्येकाची अडचण पाहू जाणारा कायदा इतका गुंतागुंतीचा होतो की, ज्याच्यासाठी सवलत ठेवावी त्याच्याआधी कागद जुळविणाराच ती घेऊन जातो. सोपेपणा आणि न्याय यांचा मेळ कोठे घालावयाचा, हे प्रत्येक पिढीला नव्याने ठरवावे लागले आहे. अंदाजपत्रकातील ते रूक्ष कोष्टक वाचताना आकड्यांबरोबरच त्यात कोणाच्या संसाराचा विचार झाला आणि कोणाचा राहून गेला, हेही पाहावे.