निळी मोटार, क्रमांक ९ : खोक्यावर न छापलेला इतिहास
#थ्रेड

१/ फिकट निळा रंग, मधोमध नारिंगी पट्टा आणि दारावर ९ हा आकडा. प्लॅस्टिकच्या प्रतिकृती जोडणारा कोणीही ही मोटार दुरून ओळखेल. ती आहे १९६८ च्या ल मां शर्यतीची विजेती फोर्ड जीटी४०. तिच्या एका चालकाचा मुंबईशी आलेला संबंध मात्र संचाच्या खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. आजचा थ्रेड त्या संबंधाविषयी.

२/ ल मां ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत. ती एरवी जूनमध्ये भरते. पण १९६८ च्या मे महिन्यात विद्यार्थी आणि कामगारांच्या आंदोलनाने फ्रान्स ढवळून निघाला आणि शर्यत २८-२९ सप्टेंबरवर गेली. जॉन वायर यांच्या संघाची ही मोटार मेक्सिकोचे पेद्रो रॉद्रिगेझ आणि बेल्जियमचे लुसियां बियांची यांनी आळीपाळीने चालवली. ३३१ फेऱ्या पूर्ण करून ती पहिली आली.

३/ जीटी४० मधला ४० हा आकडा तिच्या उंचीचा : ४० इंच, म्हणजे जेमतेम एक मीटर. १:२४ या प्रमाणात ही उंची सव्वाचार सेंटिमीटर भरते. जपानच्या फुजिमी कंपनीने याच प्रमाणात तिचा संच काढला. प्रतिकृती हातात घेतल्यावर लक्षात येते की चालक या मोटारीत बसत नसे, जवळजवळ आडवा होत असे.

४/ संचातले भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात, म्हणून सगळे भाग एका चौकटीला चिकटूनच बाहेर पडतात. ते कापायचे, कडा घासायच्या, रंगवायचे आणि मग जोडायचे. यासाठीचा द्रव पदार्थ खळीसारखा चिकटवत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि त्या एकजीव होतात. आकडे व पट्ट्यांची चित्रे पाण्यात भिजवून, कागदावरून सरकवून बसवायची.

५/ खरा पेच इथेच येतो. या मोटारीच्या सांगाड्याचा क्रमांक १०७५. याच सांगाड्याने १९६९ मध्ये पुन्हा ल मां जिंकली. तेव्हा क्रमांक होता ६ आणि चालक होते जॅकी इक्स व जॅकी ऑलिव्हर. मोटार एकच, विजय दोन. प्रतिकृती करणाऱ्याला एक वर्ष निवडावेच लागते. ९ निवडला की बियांचींची गोष्ट सुरू होते.

६/ ल मां जिंकून दोन महिने होतात न होतात तोच, २४ नोव्हेंबर १९६८ रोजी, बियांची लंडनहून एका वेगळ्याच शर्यतीला निघाले : लंडन-सिडनी मॅरेथॉन. आदल्या वर्षी पौंडाचे अवमूल्यन झाले होते. ब्रिटिश मोटारींची जगापुढे जाहिरात व्हावी, हा या शर्यतीमागचा एक हेतू. बियांची मात्र फ्रेंच सित्रोएन डीएस घेऊन उतरले होते.

७/ ९८ मोटारी निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मग मुंबई. मुंबईला पोहोचल्या ७२. इथे आशियाचा टप्पा संपला. मोटारी ‘चुसान’ या जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाकडे निघाल्या. ल मांचा विजेता मुंबईत येऊन गेला तो असा, धुळीने माखलेल्या चारदारी मोटारीतून.

८/ ऑस्ट्रेलियात आघाडीवर असलेल्या रॉजर क्लार्क यांच्या मोटारीचे इंजिन बिघडले आणि बियांची व त्यांचे साथीदार पुढे गेले. सिडनी जवळ आले असताना समोरून आलेल्या एका मोटारीशी त्यांची टक्कर झाली. बियांची जखमी झाले. अँड्र्यू कोवन यांची हिलमन हंटर विजयी ठरली.

९/ ३० मार्च १९६९. ल मांच्याच मार्गावर सराव करताना अल्फा रोमिओला झालेल्या अपघातात बियांचींचा अंत झाला. वय ३४. त्यानंतर अडीच महिन्यांनी, त्याच मार्गावर, १०७५ क्रमांकाचा सांगाडा पुन्हा विजयी झाला.

१०/ विजेत्या हंटरची धातूची छोटी मोटार कॉर्गीने बाजारात आणली. सोबत एक कांगारूही दिला. हरलेल्यांच्या प्रतिकृती सहसा निघत नाहीत. पण एब्रो या जपानी कंपनीने सित्रोएन डीएसचे १:२४ चे संच काढले आहेत. त्यातून बियांचींची मोटार घडवता येईल. जोडल्यावर ती साधारण २० सेंटिमीटर लांब भरेल.

११/ मात्र कोणत्या दिवसाची? लंडनहून निघालेली चकचकीत, की मुंबईत उतरलेली मळकट? धुळीचा रंग कोणता, दिवे फुटले होते का, आकडा पुसट झाला होता का? हे प्रश्न कारागिराला पडतात आणि इतिहासकारालाही. उत्तरासाठी दोघांनाही त्या काळची छायाचित्रे आणि वृत्तपत्रेच धुंडाळावी लागतात. पुराव्याविना दिलेला डाग हा कल्पनेचा डाग, मग तो कितीही खरा दिसो.

१२/ राहाता आणि आसपासच्या मित्रांसाठी एक सूचना. आपल्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात, रोल्स-रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. राहात्याहून दीड-दोन तासांची वाट. अशा मोटारीचेही प्लॅस्टिकचे संच मिळतात. आधी मूळ वाहन चारही बाजूंनी नीट पाहा, टिपणे काढा आणि मगच ब्लेड हातात घ्या.

१३/ आणि एक विनंती. १९६८ च्या डिसेंबरात मुंबईत या मोटारी पाहिलेले कोणी आजी-आजोबा तुमच्या घरी असतील, तर त्यांना जरूर विचारा. एखाद्या जुन्या अल्बममध्ये त्या सित्रोएनचे छायाचित्र असेल, तर ते जपून ठेवा आणि इथे दाखवा. ११ व्या भागातल्या प्रश्नांची उत्तरे कदाचित त्यातच सापडतील.