हैदराबादची बांधकामं: कुठल्या साइटवर सुरक्षेचं वातावरण कसं असतं?

देगलूर, मुखेड, बिलोली, उदगीर, बिदर या पट्ट्यातून हैदराबादला बांधकामावर जाणारा माणूस वर्षभर एकाच साइटवर राहतोच असं नाही. चार महिने कॉलनीतल्या अपार्टमेंटवर, पुढे टॉवरवर, नंतर उड्डाणपुलावर. सळई बांधणं, सेंट्रिंग, माल चढवणं हे काम तेच असतं, पण जिवाचा धोका साइटगणिक बदलतो.

सुरक्षेचं वातावरण म्हणजे काय?

इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ डोव्ह झोहार यांनी १९८० साली तिथल्या २० कारखान्यांचा अभ्यास करून ही कल्पना मांडली. काम झटपट उरकायचं की जपून करायचं, असा पेच आला की वरची माणसं कशाला महत्त्व देतात, याबद्दल कामगारांच्या मनात बसलेला समज म्हणजे सुरक्षेचं वातावरण. फाटकावर ‘सुरक्षा प्रथम’ असा बोर्ड असतो, आणि स्लॅबच्या दिवशी मुकादम म्हणतो, ‘बेल्ट राहू दे, आधी वर चढ.’ कामगार त्यातून काय शिकायचं ते शिकतो.

छोटी घरं आणि अपार्टमेंट

इथे मालक, बिल्डर आणि मेस्त्री एवढाच कारभार. सुरक्षेचं बघायला वेगळा माणूस नसतो, त्यामुळे मेस्त्रीची सवय हाच साइटचा नियम. डिसेंबर २०१६ मध्ये नानकरामगुड्यात बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत रात्री कोसळली आणि तिथेच राहणारे मजूर व त्यांचे घरचे लोक ढिगाऱ्याखाली सापडले. चालू बांधकामात बिऱ्हाड थाटणं किती महागात पडतं, ते यातून दिसलं. दुसरा धोका सेलरच्या खड्ड्याचा. पावसात माती खचते, म्हणूनच पावसाळ्यात महापालिका सेलर खोदायला मनाई करते.

उंच टॉवर

गच्चीबावली, कोकापेटकडे मोठ्या कंपन्यांची कामं असतात. हेल्मेट, जाळी, सकाळची सूचना हे सगळं दिसतं. पण कंपनीखाली कंत्राटदार, त्याच्याखाली टोळीवाला अशी उतरंड असते. मजुरी चौरस फुटावर ठरली की टोळीला घाई होते, आणि कंपनीचा नियम टोळीपर्यंत येता येता पातळ होतो. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात ५०० कामगारांच्या साइटवर सुरक्षा समिती आणि सुरक्षा अधिकारी सक्तीचे होते. २०२० च्या नव्या संहितेत बांधकामासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा २५० वर आणली आहे. त्याहून लहान साइटवर हा आधार नाही.

मेट्रो, उड्डाणपूल, बोगदे

हैदराबाद मेट्रोचे सुमारे ६९ किलोमीटर मार्ग भर वस्तीतून उभे राहिले. अशा कामावर सरकारचं, पेपरवाल्यांचं आणि जनतेचं लक्ष असतं. पण खाली वाहतूक चालू असते, मुदतीचा दबावही मोठा. सप्टेंबर २००७ मध्ये पंजागुट्टा इथला बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळून दोघांचा जीव गेला. २२ फेब्रुवारी २०२५ ला नागरकर्नूल जिल्ह्यातल्या एसएलबीसी बोगद्याचं छत कोसळलं आणि आत आठ जण अडकले. त्यांच्यापैकी कुणालाही जिवंत बाहेर काढता आलं नाही. म्हणजे काम मोठं आहे, सरकारी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

पहिल्या दोन दिवसांत काय बघावं?

- सूचना आपल्याला कळेल अशा भाषेत देतात का? तेलुगूत सांगून मोकळे होत असतील तर हिंदीत किंवा मराठीत पुन्हा विचारा.
- हेल्मेट, बेल्टचे पैसे मजुरीतून कापतात का? कायद्याने हा खर्च मालकाचा आहे.
- बेल्टचा हूक अडकवायला पक्की जागा आहे का? नुसता कमरेला बांधलेला बेल्ट वाचवत नाही.
- ‘परांची हलते’ असं कुणी सांगितलं तर काम थांबतं, की त्यालाच घरी पाठवतात?
- कुणी थोडक्यात वाचलं, तर दुसऱ्या दिवशी त्यावर बोलणं होतं का?

शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं जुन्या कामगारांकडून काढून घ्या. त्यावरून साइटचा खरा रंग कळतो.

कागदपत्रं

वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम असेल, तर जिथे काम करता त्या राज्याच्या कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते. हजेरीपटावर नाव आहे का ते बघा, मजुरीच्या पावतीचा मोबाइलवर फोटो ठेवा. टोळीवाल्यामार्फत कामाला असलात तरी अपघाताची भरपाई मुख्य मालकाकडे मागता येते, आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. टोळीवाला गाव सोडून गेला, तर घरच्यांच्या हाती हाच पुरावा उरतो. म्हणून साइटचा पत्ता आणि मुख्य कंपनीचं नाव निघण्याआधी घरी लिहून द्या.